ग्नूसमध्ये उत्तरं दिसतात पण मूळ मेसेज गायब, स्कोअरिंगचा घोळ वाटतोय पण नियम सापडत नाहीये

पारंबी
रविवार, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, लिहायची वेळ आज आली कारण तीन रात्री घालवून झाल्या आणि आता डोकं चालत नाहीये.

आमचा कॉलेजच्या मित्रांचा आणि त्यांच्या घरच्यांचा मिळून एक छोटासा खाजगी न्यूज सर्व्हर आहे. चौदा जण आहोत, कोणी पुण्यात कोणी नाशकात, एक जण अमेरिकेत आणि एका मित्राचे वडील देवरुखला, त्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो. यूजनेट या जुन्या चर्चा-ग्रुपांच्या जाळ्यासारखाच एनएनटीपी या प्रोटोकॉलवर चालतो, गप्पा, शेती आणि पुस्तकं असे तीनच ग्रुप. मी ते ईमॅक्स या एडिटरमधल्या ग्नूस नावाच्या न्यूज वाचायच्या प्रोग्रॅममध्ये वाचतो, त्यातच यूजनेटचे कॉम्प आणि ऑल्ट या विभागांतले काही ग्रुप पण आहेत. २००९ पासून तोच सेटअप आहे, लॅपटॉप तीन बदलले पण घरच्या डिरेक्टरीतलं न्यूज नावाचं फोल्डर जसंच्या तसं उचलून नव्या मशीनवर टाकत आलो.

आता प्रॉब्लेम. आबांनी शेतीच्या ग्रुपमध्ये "विहिरीला पाणी लागलं" या विषयाने मेसेज टाकला होता. उन्हाळाभर त्यांचं विहीर खोल करायचं काम चाललं होतं, मी स्वतः त्यांना दर आठवड्याला विचारायचो की काय झालं. तो मेसेज मला दिसलाच नाही. तीन आठवड्यांनी फोनवर बोलताना ते म्हणाले, "तू वाचलं असशील म्हणा, तुला वेळ नसतो, राहू दे." मला इतकं वाईट वाटलं काय सांगू. मग उघडून बघितलं तर त्या विषयावर बाकीच्यांची उत्तरं आहेत, पहिलं उत्तरच धाग्याच्या डोक्यावर बसलंय, आबांचा मूळ मेसेज नाही. नीट पाहिलं तर बऱ्याच धाग्यांचं तसंच झालंय.

काय काय करून झालं ते सांगतो. आधी सर्व्हरवर संशय घेतला, पण बाकीच्या तेरा जणांना सगळं दिसतंय. मग ग्रुपमध्ये जाऊन कॅपिटल व्ही आणि स्मॉल ई दाबून स्कोअर फाईल उघडली (मेसेजना अधिक-उणे गुण द्यायचे नियम असतात ती, फार उणे झालेला मेसेज ग्नूस लपवू शकतो). त्यात एकच नियम आहे, आबांच्या नावाला +१०००, तो मीच घातला होता की त्यांचे मेसेज वर यावेत. म्हणजे उलट ते सगळ्यात आधी दिसायला हवेत ना? दुसरं म्हणजे सगळेच नवे विषय गायब नाहीत, काही दिसतात. त्यात काय सूत्र आहे ते मला कळत नाहीये.

भिंगरी
रविवार, रात्री ११.४२

पारंबीदादा, तुम्ही अ‍ॅडॅप्टिव्ह स्कोअरिंग चालू ठेवलंय का? मला सेम झालं होतं, मी घाईत असले की ग्रुपमध्ये स्मॉल सी दाबून सगळं वाचलं म्हणून टाकायचे, आणि ग्नूस त्याच्यावरून शिकतो की या विषयांत हिला रस नाही आणि त्यांचा स्कोअर थोडा थोडा कमी करत जातो. न्यूज फोल्डरमध्ये अडॅप्ट शेपटीच्या फाईली आहेत का बघा.

टपालपेटी
सोमवार, सकाळी ७.२०

मी एसएलआरएन (न्यूज वाचायचा दुसरा प्रोग्रॅम) वाला, ग्नूस फार वापरला नाही. पण एखादा तात्पुरता नियम चुकून लागला असेल तर तो सात दिवसात आपोआप जातो ना ग्नूसमध्ये? चुकून कॅपिटल एल (स्कोअर कमी करायचं बटण) दाबलं गेलं असेल. आठवडाभर थांबून बघा.

कंदील७२
सोमवार, सकाळी ८.०५

टपालपेटी, हा गैरसमज फार जुना आहे म्हणून आधी तो काढतो. सात दिवस हे *न वापरलेल्या* नियमाचे. तात्पुरता नियम एखाद्या मेसेजला लागला की ग्नूस त्याची तारीख त्या दिवसाची करून टाकतो, म्हणजे रोज एखादा मेसेज त्याच्यात अडकत असेल तर तो नियम वर्षानुवर्षं जिवंत राहतो. मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलंय, आणि नको असेल तर बंद करायचं व्हेरिएबल पण आहे. स्कोअर फाईलमध्ये नियमाच्या तिसऱ्या जागी जो सात लाखांच्या वरचा आकडा दिसतो ती हीच तारीख, दिवसांत मोजलेली. तिथे निल (म्हणजे काहीच नाही) असेल तर नियम कायमचा. तेव्हा थांबून काही होणार नाही, शोधावंच लागेल.

पारंबी, तुम्ही एक गोष्ट केली नाहीत ती आधी करा. त्या पहिल्या उत्तरावर जाऊन वरच्या बाणासारखं जे चिन्ह असतं ना, सहाच्या बटणावरचं, कॅरेट, ते दाबा. त्याने पालक मेसेज सर्व्हरवरून ओढून आणला जातो. तो आला तर सर्व्हर निर्दोष आणि मेसेज तुमच्याच मशीनवर झाकला जातोय हे पक्कं. मग त्याच मेसेजवर उभं राहून कॅपिटल व्ही, स्मॉल टी. त्या मेसेजला कुठले कुठले नियम लागले आणि ते *कुठल्या फाईलीतून* आले याची यादी समोर येईल.

कारण तुम्ही बघितलीत ती फक्त त्या ग्रुपची फाईल. ग्नूस एका ग्रुपला अनेक फाईली लावतो. फाईलच्या नावात ऑल असेल तर त्या जागी काहीही चालतं, ही पद्धत ऐंशीच्या दशकातल्या बी न्यूज या यूजनेटच्या प्रोग्रॅमपासून आलीय. मॅन्युअलमधलंच उदाहरण घ्या, ग्नू डॉट ईमॅक्स डॉट ग्नूस या ग्रुपला ग्नू-डॉट-ऑल ची फाईल पण लागते आणि ऑल-डॉट-ईमॅक्स-डॉट-ऑल ची पण. आणि नुसती ऑल नावाची फाईल असेल तर ती सगळ्या जगाला लागते, तुमच्या खाजगी सर्व्हरला सुद्धा.

आणि हो, सगळ्या नियमांची बेरीज होते. आबांना +१००० आहेत म्हणजे ते सुरक्षित असं नाही, दुसरीकडून -५००० आले तर -४००० झाले.

पारंबी
सोमवार, रात्री ९.५०

कंदीलकाका, तुमच्या पाया पडतो. कॅरेट दाबलं आणि आबांचा मेसेज आला. पूर्ण. अडतीस फुटांवर पाणी लागलं, कातळ फोडताना आधी ओल आली मग झरा सुटला, असं सगळं त्यांनी बारीक लिहिलंय, आणि शेवटी माझं नाव घेऊन लिहिलंय की तू रोज विचारत होतास म्हणून पहिलं तुलाच सांगतो. हे मी तीन आठवडे वाचलं नव्हतं.

आता तांत्रिक. व्ही टी ने दोन ओळी दाखवल्या. एक माझी +१००० वाली, ग्रुपच्या फाईलीतून. दुसरी -५००० ची, ऑल नावाच्या फाईलीतून, आणि नियम आहे विषयावर. तो जसाच्या तसा इथे टाइप करायला जमत नाहीये म्हणून शब्दांत सांगतो: ओळीच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत स्मॉल ए ते स्मॉल झेड सोडून बाकी काहीही, प्रकार कॅपिटल आर, तारखेच्या जागी निल. त्याच फाईलीत वरती मार्क-अँड-एक्सपंज -१००० असं लिहिलंय, म्हणजे स्कोअर -१००० च्या खाली गेला की मेसेज वाचलेला धरून यादीतून काढून टाकायचा.

आठवलं मला. २०११-१२ च्या सुमारास ऑल्टच्या ग्रुपांमध्ये सगळी कॅपिटल अक्षरं घालून जाहिराती यायच्या, पैसे कमवा, घरबसल्या अमुक करा वगैरे, तेव्हा कुणाच्या तरी फाईलीतून हा नियम उचलला होता. ओरडणारे विषय उडवायला. तो आबांच्या मेसेजला का लागावा? त्यांनी तर मराठीत लिहिलंय.

रानजाई
सोमवार, रात्री १०.१५

पारंबी, मराठीत लिहिलंय म्हणूनच लागला!

नियम काय म्हणतो ते परत वाच. तो "कॅपिटल अक्षरं आहेत का" असं विचारत नाहीये, "स्मॉल अक्षर एकही नाही ना" असं विचारतोय. इंग्रजीपुरतं दोन्ही एकच. पण देवनागरीत कॅपिटल स्मॉल हा प्रकारच नाही, मग "विहिरीला पाणी लागलं" मध्ये ए ते झेड पैकी स्मॉल अक्षर कुठून येणार? नियमाच्या दृष्टीने आबा घसा फोडून ओरडतायत.

आणि तुझं सूत्र पण इथेच सापडतंय. उत्तरं का दिसतात? कारण उत्तराच्या विषयाआधी प्रोग्रॅम आर-ई-कोलन लावतो, त्यातला ई स्मॉल आहे. तेवढ्या एका ई ने उत्तर वाचतं. आणि जे नवे विषय तुला दिसतात त्यांच्यात कुठेतरी एखादा शब्द रोमनमध्ये असणार, बघ बरं तपासून. अजून एक, तुमच्या कट्ट्यावर आधी लोक मराठी रोमन लिपीत लिहायचे का? मग तेव्हा हा नियम कधीच लागला नसणार.

(हेडरमध्ये देवनागरी प्रत्यक्षात बेस-६४ या रोमन अक्षर-आकड्यांच्या संकेतात जाते आणि त्या गुंडाळलेल्या मजकुरात स्मॉल अक्षरं असतात, पण ग्नूस स्कोअर लावायच्या आधी ते उलगडून घेतो, म्हणून नियमाला शुद्ध देवनागरीच दिसते. हे मी मुद्दाम सांगतेय कारण कोणीतरी विचारेलच.)

पारंबी
सोमवार, रात्री १०.४०

रानजाई ताई, शंभर टक्के! जे विषय दिसतात त्या प्रत्येकात एक तरी रोमन शब्द आहे, कोणी पीडीएफ फाईलचं नाव घातलंय, कोणी पंपाच्या मॉडेलचं. आणि हो, गेल्या दिवाळीपर्यंत आम्ही सगळे रोमनमध्येच लिहायचो, मग एकाने सगळ्यांना देवनागरी कीबोर्ड लावून दिला आणि आबांना तर इतका आनंद झाला की ते तेव्हापासून शुद्ध देवनागरीतच लिहितात, इंग्रजी शब्द आला तरी तो देवनागरीत. म्हणजे जो माणूस सगळ्यात निगुतीने मराठी लिहितो त्याचेच सगळे मेसेज माझ्याकडे उडत होते, दिवाळीपासून.

आता दुरुस्ती. मी विम या दुसऱ्या एडिटरमध्ये ती फाईल उघडून कॅपिटल आर चा स्मॉल आर केला, म्हटलं केसचा (कॅपिटल-स्मॉल भेदाचा) भाग निघून जाईल. काही फरक नाही. ग्रुपमधून बाहेर येऊन परत आत गेलो तरी नाही.

कंदील७२
मंगळवार, सकाळी ७.४५

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही महत्त्वाच्या.

एक, ग्नूस चालू असताना स्कोअर फाईल बाहेरून बदलू नका. ग्नूसने ती एकदा वाचली की मेमरीत धरून ठेवतो आणि तुमचा बदल त्याला दिसतच नाही. वाईट म्हणजे त्याच सत्रात तुम्ही त्या फाईलीत एखादा नियम ग्नूसमधून घातलात तर बाहेर पडताना तो आपली प्रत लिहून टाकतो आणि तुमचा बदल गेला. बदल करायचा तर आतूनच: व्ही टी ची यादी उघडी असताना त्या ओळीवर जाऊन स्मॉल ई दाबा, बरोबर तीच फाईल उघडते, बदल करून कंट्रोल-सी कंट्रोल-सी. बाहेरून बदललंच असेल तर कॅपिटल व्ही कॅपिटल एफ ने कॅश (मेमरीतली प्रत) रिकामी करा आणि ग्रुपमध्ये परत शिरा.

दुसरं रानजाई सांगतील, रेग्युलर एक्स्प्रेशन (अक्षरांचे नमुने जुळवायची भाषा) हा त्यांचा प्रांत.

रानजाई
मंगळवार, सकाळी ९.३०

बरं झालं कॅशमुळे तो बदल लागला नाही! स्मॉल आर केलंस तर अजून वाईट होणार होतं. स्मॉल आर म्हणजे केसकडे दुर्लक्ष करून जुळव. मग "स्मॉल ए ते झेड सोडून" याचा अर्थ "कुठलंही रोमन अक्षर सोडून" असा होतो. म्हणजे कॅपिटलमधल्या जाहिराती सुटल्या असत्या आणि फक्त देवनागरीच अडकली असती. नेमका उलटा न्याय.

हे प्रकाराचं अक्षर दिसायला छोटं आहे पण सगळा खेळ त्याच्यावर आहे. एस सबस्ट्रिंग (मजकुराचा तुकडा), आर रेग्युलर एक्स्प्रेशन, ई तंतोतंत, एफ फझी (ढोबळ जुळणी), आणि तेच अक्षर कॅपिटल केलं की केस पाळायची.

खरी दुरुस्ती अशी की नकारार्थी नियम काढून होकारार्थी लिही. "स्मॉल अक्षर नाही" असं विचारण्याऐवजी "सुरुवातीपासून शेवटापर्यंत फक्त कॅपिटल ए ते झेड, आकडे, स्पेस, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, एवढंच आहे का" असं विचार. आणि प्रकार कॅपिटल आरच ठेव, इथे स्मॉल आर केलास तर साधे इंग्रजी विषय पण उडतील. आता देवनागरीचं एकही अक्षर आलं की नियम जुळत नाही, संपलं. नुसती देवनागरीच वाचते असंही नाही, तमिळ, अरबी, चिनी, ज्या ज्या लिपीत मोठी-छोटी अक्षरं नाहीत त्या सगळ्या वाचतात. मी ग्मेन या सेवेवरून बऱ्याच मेलिंग लिस्ट ग्नूसमध्ये वाचते, तिथे जपानी लोकांचे विषय अशाच नियमांनी उडालेले पाहिलेत. ज्याने हा नियम पहिल्यांदा लिहिला त्याच्या डोळ्यासमोर फक्त इंग्रजी होतं, आणि आपण तो न वाचता उचलतो, मीही उचललेत.

अजून एक बारीक गोष्ट, स्कोअर फाईल ही लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेतली फाईल आहे. तेव्हा "हे किंवा ते" साठीची उभी रेघ लिहायची असेल तर तिच्याआधी उलटी तिरकी रेघ दोनदा द्यावी लागते. एकदाच दिलीस किंवा दिलीच नाहीस तर काही एरर येत नाही, नियम गपचूप जुळत नाही. मी एकदा यात रविवार घालवलाय.

कंदील७२
मंगळवार, सकाळी १०.१०

रानजाईंचं बरोबरच आहे, त्यात माझं एक मत जोडतो. पारंबी, चौदा माणसांच्या ग्रुपमध्ये मार्क-अँड-एक्सपंज कशाला हवंय? तुमच्या ग्रुपमध्ये परका माणूस येतच नाही. एक्सपंज केलेला मेसेज समरीत (मेसेजांच्या यादीत) दिसतच नाही, मग चूक झालीय हे कळायचा रस्ताच बंद होतो. नुसतं मार्क ठेवलं तर मेसेज वाचलेला धरला जातो पण वाय अशी खूण घेऊन डोळ्यासमोर राहतो, आणि इतक्या मराठी विषयांपुढे वाय दिसल्यावर तुम्ही दुसऱ्याच दिवशी पकडलं असतंत. कधी शंका आली तर ग्रुपमध्ये तिरकी रेघ आणि कॅपिटल ई दाबा, एक्सपंज झालेले सगळे परत समोर येतात, मग प्रत्येकावर व्ही टी.

आणि हा नियम ऑल मधून काढून कॉम्प-डॉट-ऑल आणि ऑल्ट-डॉट-ऑल अशा फाईलींत हलवा. तिथला केर तिथेच. मी तर माझ्या जुन्या फाईलींतून गेल्या वर्षी अर्ध्याहून जास्त नियम काढले. २२ फेब्रुवारी २०२४ ला गूगल ग्रुप्सने यूजनेटशी देवाणघेवाण थांबवली तेव्हापासून माझ्या ग्रुपांत कोण लिहितं आणि कुठून लिहितं हेच बदललं, जुने कायमचे नियम कोणाला लागतच नव्हते. तात्पुरते असते तर आपोआप गेले असते, निल वाले कधीच जात नाहीत.

भिंगरी
मंगळवार, दुपारी १.२५

माझा अंदाज चुकला पण खूप शिकायला मिळालं. याच धाग्यात एक विचारू का, वेगळा धागा काढत नाही. मी एका लिस्टवर विषयात "शेतकऱ्यांसाठी" हा शब्द आला की +५०० असा नियम ठेवलाय, सबस्ट्रिंग, साधा. तो काही मेसेजना लागतो काहींना नाही, आणि शब्द मी डोळ्यांनी वाचतेय, तोच आहे, एक काना मात्रा इकडे तिकडे नाही. एन्कोडिंगचं काही आहे का? मी आठवडाभर वैतागलेय.

रानजाई
मंगळवार, दुपारी २.५०

भिंगरी, हे आपलं खास मराठी दुखणं आहे, हिंदीवाल्यांना सहसा होत नाही. "शेतकऱ्यांसाठी" मधला तो अर्धा ऱ, ज्याला आपण लहानपणी चंद्रकोरीसारखा काढायचो. तो टाइप करायच्या दोन वाटा आहेत. एक वाट म्हणजे ऱ हे वेगळं अक्षर, युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या यादीत) ०९३१, त्याच्यापुढे हलन्त आणि मग य. दुसरी वाट म्हणजे साधा र, ०९३०, मग हलन्त, मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर, २००डी, आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. शिवाय ऱ चीच फोड करून र अधिक खालचा नुक्ता, ०९३सी, असंही कुठे कुठे साठवलेलं सापडतं. सबस्ट्रिंग जुळवणारा प्रोग्रॅम आकार बघत नाही, आकडे बघतो, म्हणून त्याच्यासाठी हे तीन वेगळे शब्द.

तुला खात्री करायची असेल तर ज्या मेसेजला नियम लागला नाही त्याच्या विषयातल्या त्या अक्षरावर कर्सर ठेव आणि कंट्रोल-यू देऊन कंट्रोल-एक्स बरोबर-चिन्ह दाब. त्या अक्षरगुच्छात काय काय आहे ते ईमॅक्स उलगडून दाखवतो. मग तुझ्या स्कोअर फाईलमधल्या शब्दावर तेच कर. फरक तिथेच दिसेल.

उपाय सोपा, अडचणीचं अक्षर नियमात घेऊच नकोस. प्रकार स्मॉल आर कर आणि "शेतक", मग बिंदू-तारा, मग "यांसाठी" असं लिही. मधे काहीही असलं तरी जुळेल. "शेतकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी" असं काही पकडलं जाईल का म्हणशील, तर हो, पकडलं जाईल कारण त्याच्यातही शेवटी यांसाठी आहेच, पण +५०० च आहेत, वर आला म्हणून बिघडत नाही. उणे स्कोअर असता तर मी हे सुचवलं नसतं.

"ॲप" चं पण असंच आहे. ॲ हे स्वतंत्र अक्षर ०९७२, ते युनिकोडमध्ये २००८ ला आलं, त्याआधीचे कीबोर्ड अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि अजून कित्येक तसंच लिहितात. हे दोन तर युनिकोडच्या नियमाने एकमेकांत बदलता पण येत नाहीत, ऱ च्या फोडीला निदान ती सोय आहे.

भिंगरी
मंगळवार, सायंकाळी ६.०५

ताई!! तसंच निघालं. सरकारी पत्रकं पुढे ढकलणारे जे दोन जण आहेत त्यांच्याकडून जॉइनर वाला येतो आणि बाकी सगळ्यांकडून ०९३१ वाला. कंट्रोल-यू कंट्रोल-एक्स बरोबर मुळे जॉइनर डोळ्यांनी बघितला. बिंदू-तारा घातल्यावर सगळे लागले. मनापासून आभार.

पारंबी
बुधवार, रात्री १०.२०

मंडळी, अपडेट. ताईंनी सांगितलं तसा होकारार्थी नियम लिहिला, काकांनी सांगितलं तसा ऑल मधून काढून ऑल्ट आणि कॉम्पच्या फाईलींत हलवला, -५००० चे -२०० केले, एक्सपंज काढून नुसतं मार्क ठेवलं. आतूनच एडिट केलं, कंट्रोल-सी कंट्रोल-सी. मग मुद्दाम स्वतःच ग्रुपमध्ये "चाचणी" असा देवनागरी विषय टाकला, आला, व्ही टी ने स्कोअर दाखवला शून्य.

पण जुने मेसेज? नियम दुरुस्त केला तरी ते आलेच नाहीत. थोडा वेळ परत घाबरलो, मग लक्षात आलं की मार्क-अँड-एक्सपंज ने ते आधीच वाचलेले म्हणून नोंदवलेत, नवीन नियम त्यांना न-वाचलेलं कसं करणार. ग्रुपच्या ओळीवर कंट्रोल-यू एंटर दाबून सगळे मेसेज मागवले, तेव्हा आले. दिवाळीपासून आत्तापर्यंत एकतीस. त्यातले नऊ आबांचे. एकेकावर आल्ट-यू देऊन वाचलेली खूण काढली आणि काल रात्री सगळे क्रमाने वाचले.

एक होता मार्चमधला, "कलमांना मोहोर कमी" असा विषय, त्यात त्यांनी थेट मला विचारलं होतं की तुझ्या नाशिकच्या मित्राकडे द्राक्षाला जी ठिबकची पाईप आहे तिचा भाव काय पडला ते कळव. मी कळवलंच नाही, त्यांनी परत विचारलं नाही, शेवटी त्यांनी रत्नागिरीहून आणली. उत्तरं बाकीच्यांची होती त्या धाग्यात, पण त्यातला कोणीच मूळ प्रश्न उद्धृत केला नव्हता त्यामुळे मला पत्ताच नाही.

आज सकाळी आबांना फोन केला आणि सगळं सांगितलं, अगदी नियम कसा होता ते पण. ते आधी गप्प झाले. मग विचारलं, "म्हणजे मी शुद्ध मराठीत लिहिलं म्हणून?" म्हटलं हो. म्हणाले, "मग ते यंत्राला शिकवलंस का आता?" म्हटलं शिकवलं. मग विहिरीबद्दल अर्धा तास बोलले. रविवारी जातोय देवरुखला बघायला.

काका, रानजाई ताई, तुम्हा दोघांचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत. भिंगरी, तुमच्यामुळे ऱ चं कळलं, माझ्या पुस्तकांच्या ग्रुपच्या फाईलीत पण तसला एक नियम निघाला.

कंदील७२
गुरुवार, सकाळी ८.३०

फार छान वाटलं वाचून. पाण्याचा फोटो टाका आल्यावर.

एक राहिलं ते करून टाका. न्यूज फोल्डरमधल्या बाकीच्या स्कोअर फाईली पण एकदा डोळ्याखालून घाला, पंधरा वर्षांचं फोल्डर आहे. बॉडीवर (मेसेजच्या मजकुरावर) लावलेला नियम असेल तर तो पण काढा, त्याच्यासाठी ग्नूसला प्रत्येक मेसेज पूर्ण उतरवून घ्यावा लागतो आणि ग्रुप उघडायला उगाच वेळ जातो.

टपालपेटी
गुरुवार, रात्री ११.५५

हा धागा वाचून मी माझी एसएलआरएनची स्कोअर फाईल उघडली. तिथे पण तोच नियम निघाला, विषयाआधी टिल्डा लावून, म्हणजे "स्मॉल अक्षर जुळत *नसेल* तर", -९९९९, थेट किल (मेसेज उडवायचा), आणि वर चौकोनी कंसात ग्रुपच्या नावाच्या जागी नुसती चांदणी, म्हणजे सगळ्या ग्रुपांना. कधी घातला आठवत नाही. काढून टाकला. आमच्याकडे मेसेजवर उभं राहून स्मॉल व्ही दाबलं की कुठले नियम लागले ते दिसतं, पण किल झालेल्यावर उभं राहायला तो दिसायला तर हवा, त्यामुळे आधी किलची मर्यादा खाली नेऊन ग्रुप परत उघडावा लागेल. उद्या सुट्टी आहे, उद्या बसतो. सोसायटीच्या लिस्टवर आमच्या एक आजी फक्त मराठीत लिहितात, त्यांचे गेल्या वर्षभरातले मेसेज आधी शोधणार आहे.